पूर्वसूचना साखळी आणि सासूबाईंचं प्लास्टर

पाणीपुरवठा कार्यालयाच्या आवारात एक पाइप फुटला आणि त्याबद्दल रीतसर चौकशी बैठक बसली. पाइप फुटणं ही काही फार मोठी घटना नव्हे. पाइप आहे म्हटल्यावर तो कधीतरी फुटणार आणि कार्यालय आहे म्हटल्यावर बैठक कधीतरी बसणार. पण ही बैठक बसली ती उठेचना. कारण हजर असलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, की हे होणार असं मी आधीच सांगितलं होतं. भांडारपालांनी जिन्यात सांगितलं होतं. टंकलेखकाने कॅन्टीनमध्ये सांगितलं होतं. फिटरने तर पाइप बसवतानाच, हा फुटणार, असं त्या पाइपकडे बघून सांगितलं होतं. वाद इतके दिवस चालला की शेवटी पाइपातलं पाणीच संपलं आणि तो विषय निकाली निघाला. कोण आधी बोललं हा विषय मात्र तसाच राहिला.

या सगळ्यात खरं दुःख झालं ते अधीक्षकांना. कारण त्यांनी खरोखरच आधी सांगितलं होतं. पण अधीक्षकांचं बोलणं कोणाच्या लक्षात राहत नसे, ही त्यांच्या उभ्या नोकरीची शोकांतिका होती. घरी परिस्थिती नेमकी उलट. तिथे त्यांच्या बायकोने जे जे आधी सांगितलं होतं ते ते सगळं, कोणत्या वारी आणि कोणती साडी नेसून सांगितलं होतं यासकट, दोघांच्याही पक्कं लक्षात असे. पुढे मोठ्या साहेबांनी 'कोण आधी बोललं' या प्रश्नाचा कायमचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं आणि बाहेरून एक सल्लागार आणला, तेव्हा सगळ्यात पुढच्या खुर्चीवर अधीक्षक जाऊन बसले.

सल्लागार तरुण होते, हसतमुख होते आणि कार्यालयातल्या कोणाहीपेक्षा स्वच्छ बूट घालून आले होते. त्यांनी योजनेचं नाव सांगितलं, 'पूर्वसूचना साखळी'.

"तुम्हाला काही बिघडणार असं वाटलं," ते म्हणाले, "की तुम्ही ते कागदावर लिहायचं आणि कागद यंत्राला दाखवायचा. यंत्र त्या कागदाचा ठसा काढेल. ठसा म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ. अंगठ्याच्या ठशावरून माणूस कसा दिसतो ते कळत नाही, पण माणूस समोर आला की अंगठा जुळवून बघता येतो. तसंच हे. कागद तुमच्या खणात राहील, ठसा तेवढा पेटीत जाईल. दर पाव तासाने एक पेटी बंद होईल, तिच्यावर वेळ पडेल आणि प्रत्येक पेटीत आधीच्या पेटीचाही ठसा असेल. म्हणजे जुनी एक पेटी कोणी उघडून फेरफार केला, तर पुढच्या सगळ्या पेट्या बोंब मारतील."

"म्हणजे माझी सूचना कोणी वाचणार नाही?" अधीक्षकांनी विचारलं.

"कोणीही नाही."

"मग तिचा उपयोग काय?"

"ती वाचायला नाहीच आहे, साहेब. तुम्ही आधी सांगितलं होतं, हे नंतर सिद्ध करायला आहे."

अधीक्षकांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

शुल्काचा प्रश्न भांडारपालांनी काढला. फुकट ठेवलं तर लोक वाटेल ते टाकत बसतील, हे सल्लागारांनाही मान्य होतं. पण शुल्क घेतलं की ते कोणाच्या तरी खिशात जाणार, आणि ज्याच्या खिशात जाणार तो पेट्या मुद्दाम भरलेल्या ठेवणार. म्हणून त्यांनी शुल्काचे दोन भाग केले. शुल्क भरायचं कॅन्टीनच्या चहाच्या कुपनांत. पहिला भाग मूळ शुल्क. ती कुपनं कोणालाच द्यायची नाहीत, आवारातल्या पत्र्याच्या डब्यात जाळायची. दुसरा भाग खुशीचा. तो पेटी बंद करणाऱ्या टंकलेखकाला मिळेल, आणि ज्याची खुशी जास्त त्याचा ठसा आधी. पेटी गच्च भरली तर पुढच्या पेटीचं मूळ शुल्क एक-अष्टमांशाने वाढेल, रिकामी राहिली तर तेवढंच उतरेल.

"कुपनाचा एक-अष्टमांश कसा द्यायचा?" भांडारपालांनी विचारलं.

"कात्री आहे ना?" सल्लागार म्हणाले. भांडारपालांनी त्याच दिवशी डझनभर कात्र्यांची मागणी नोंदवली.

मोठ्या साहेबांनी यात स्वतःची दोन कलमं घातली. एक, साखळीत पूर्वसूचना नसेल तर कोणतीही दुरुस्ती करायची नाही. कारण सूचना येण्याआधीच दुरुस्ती झाली तर सूचना देणाऱ्याचं श्रेय बुडतं. दोन, उपसंचालकांची खुर्ची रिकामी आहे, ती ज्याची पूर्वसूचना सर्वांत आधी नोंदलेली आणि पूर्णपणे खरी ठरलेली असेल त्याला मिळेल. उद्घाटनाला टाळ्या पडल्या. पहिल्या पेटीत पहिला ठसा सल्लागारांनी स्वतःच टाकला. त्यात काय आहे असं कोणी विचारलं नाही. शुभेच्छाच असणार, असं सर्वांनी गृहीत धरलं.

अधीक्षकांचं सरकारी क्वार्टर कार्यालयाच्या मागेच होतं, तळमजल्यावर, आणि त्याच्या डोक्यावर सबंध आवाराची पाण्याची टाकी उभी होती. क्वार्टरच्या आतल्या खोलीत सासूबाई होत्या. जिन्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता आणि पोटरीपासून मांडीपर्यंत पांढरंशुभ्र प्लास्टर चढलं होतं. त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये, अशी डॉक्टरांची ताकीद होती. सासूबाई खिडकीशी पाय उंच ठेवून बसत, चहा मागत आणि जगाकडे लक्ष ठेवत. टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय हे सगळ्यांत आधी दिसलं ते त्यांना.

"अहो," बायको म्हणाली, "आईच्या खिडकीबाहेर टपटप चालू आहे. व्हॉल्व्हचं वॉशर गेलंय. उद्याच्या उद्या बदलून घ्या. आणि नीट ऐकून ठेवा, आईच्या प्लास्टरला पाणी लागलं ना, तर या घरात एक तर तो व्हॉल्व्ह राहील नाही तर तुम्ही."

अधीक्षक दुसऱ्या दिवशी खरोखरच प्रामाणिकपणे निघाले. दुरुस्तीची विनंती फिटरला वाचता यावी म्हणून ठसा न काढता उघडीच टाकावी लागे. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'टाकीचा व्हॉल्व्ह गळत आहे, लवकरच निकामी होईल, वॉशर बदलावे', कुपनं मोजून दिली आणि दिवाणखान्याएवढ्या सभागृहातल्या पडद्यासमोर जाऊन बसले. प्रतीक्षेतल्या नोंदी त्या पडद्यावर दिसत. त्यांची नोंद दिसली. तिच्या खाली थोड्या वेळाने अगदी तशीच दुसरी नोंद दिसली. मग ती दुसरी नोंद वर सरकली आणि पेटीत गेली.

भांडारपालांनी पडदा वाचून तीच सूचना दुप्पट खुशी लावून टाकली होती.

"ही माझी सूचना आहे!" अधीक्षक ओरडले.

"तुमची असती तर आधी नसती का गेली?" भांडारपाल शांतपणे म्हणाले. "साखळी खोटं बोलत नाही."

एकाच गोष्टीच्या दोन सूचना आल्या, तर मूळ कोणाची हे ठरेपर्यंत दुरुस्ती स्थगित ठेवायची, असं नियम म्हणत होता. व्हॉल्व्ह स्थगित झाला. गळती स्थगित झाली नाही.

त्या दिवसापासून अधीक्षक शहाणे झाले. उघडं काही टाकायचं नाही. त्यांनी दार लावून एक नवा कागद लिहिला. टाकीचा व्हॉल्व्ह कसा निकामी होईल, पाणी कुठून कुठे जाईल आणि का, हे सगळं असं सविस्तर लिहिलं की वाचणाऱ्याला पाय भिजल्यासारखं वाटावं. त्याचा बंद ठसा साखळीत घातला आणि कागद टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात कुलूप लावून ठेवला. उपसंचालकांची खुर्ची आता त्या खणात होती. भांडारपालांच्या उघड्या सूचनेत 'लवकरच' एवढंच होतं, यांच्या कागदात सगळा तपशील. पूर्णपणे खरी ठरणार होती ती यांचीच.

घरी बायको म्हणाली, "नोंदी राहू द्या बाजूला. फिटरला बोलवा, चहा पाजा. पाच मिनिटांचं काम आहे."

अधीक्षकांनी फिटरला बोलावलं. फिटरने व्हॉल्व्ह वर-खाली बघितला, पाना खिशातून काढला, विचार केला आणि परत खिशात घातला.

"साहेब, करू का?"

"म्हणजे काय? कर की."

"नाही, म्हणजे तुम्ही सूचना टाकली असेलच. मीपण टाकलीय. आता दुरुस्त केला तर तुमची खोटी, माझी खोटी. अख्ख्या ऑफिसची खोटी. लोक मारतील मला."

ही बाजू अधीक्षकांच्या लक्षातच आली नव्हती. खिडकीतून सासूबाई दोघांकडे टक लावून बघत होत्या, आणि त्यांच्या प्लास्टरवर सकाळचं ऊन पडलं होतं. अधीक्षकांना त्या प्लास्टरची मनापासून काळजी वाटली. खुर्चीचीही वाटली. दोन्ही काळज्या त्यांनी बराच वेळ शेजारी शेजारी धरून पाहिल्या.

"बरोबर आहे तुझं," ते शेवटी म्हणाले. "नियमात बसत नाही."

घरात जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की आतल्या खोलीत हवा खेळत नाही, आईंचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवू या.

"हवा खेळत नाही," बायकोने त्यांच्याकडे रोखून बघत म्हटलं, "की पाणी खेळणार आहे?"

"काहीतरीच काय!"

"मला खिडकी हवी," सासूबाईंनी आतून निकाल दिला. "जावईबापूंना हवा हवी असेल तर त्यांनी बाहेर झोपावं."

इकडे कार्यालयात साखळीची भरभराट होत होती. भरभराटीचा शोध फिटरनेच लावला होता. ठशाच्या आत काय आहे हे कोणालाच दिसत नसेल, तर व्हॉल्व्ह फुटेल असाही कागद करावा आणि फुटणार नाही असाही करावा, दोन्ही ठसे टाकावेत आणि जे घडेल तो कागद बाहेर काढावा. दुसरा फाडून टाकावा. ही युक्ती त्याने प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि गुप्तपणे सांगितली. मग लोक सोमवारी फुटेल, मंगळवारी फुटेल, पंखा पडेल, पंखा पडणार नाही, साहेबांची बदली होईल, साहेब इथेच निवृत्त होतील असे गठ्ठेच्या गठ्ठे करू लागले. मूळ शुल्क अष्टमांशा-अष्टमांशाने चढत गेलं. कॅन्टीनमध्ये शुकशुकाट झाला, कारण कुपन देऊन चहा पिणं कोणालाच परवडेना. आवारातल्या डब्यातून दिवसभर धूर निघे आणि तो बघून येणारे-जाणारे म्हणत, काम जोरात चाललंय. टंकलेखक मात्र खुशीच्या कुपनांवर इतका चहा प्यायला की त्याची झोप उडाली, आणि जागाच आहोत म्हणून तो रात्रीही पेट्या बंद करू लागला.

मोठे साहेब खूश होते. "पूर्वी आपल्या कार्यालयात दूरदृष्टी नव्हती," ते पाहुण्यांना सांगत, "आता ठेवायला जागा नाही."

आणि मग एका भर सकाळी, सगळे जागेवर येऊन पंखे सुरू करत असताना, व्हॉल्व्ह गेला.

अधीक्षकांच्या कागदात लिहिलं होतं तसाच गेला. आधी एक फटाका वाजावा तसा आवाज झाला, मग पाण्याचा जाड दोर भिंतीवर आपटला, क्वार्टरच्या आतल्या खोलीत शिरला, तिथून मागच्या दाराने कार्यालयात आला. पहिल्या क्षणी सर्वांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो भीतीचा नव्हता. तो परीक्षेत पाठ केलेलाच प्रश्न आल्याचा भाव होता. अधीक्षक तर उठून उभेच राहिले. मग त्यांना सासूबाई आठवल्या आणि हसू ओठांवरच गारठलं.

"पाण्याचा मेन बंद कर!" ते फिटरवर ओरडले.

"आदेश?" फिटर पाण्यात उभा राहून म्हणाला.

दुरुस्तीसारखाच हा आदेशही साखळीतूनच यायचा होता. अधीक्षकांनी खिशातली सगळी कुपनं पुढे केली. पण तोवर प्रत्येकजण 'व्हॉल्व्ह आत्ता फुटला आहे' असा ठसा टाकायला धावला होता आणि मूळ शुल्क एका सबंध कुपनपुस्तिकेपर्यंत गेलं होतं. अधीक्षकांनी भांडारपालांकडून उसनी पुस्तिका घेतली, व्याजाची अट न वाचता. टंकलेखकाने ती मोजली, आदेश सगळ्यांच्या वर ठेवला आणि पेटी बंद करायला हात उचलला. तो हात तसाच राहिला.

"काय झालं?"

"मूळ शुल्क जळाल्याशिवाय पेटी बंद होत नाही," टंकलेखक म्हणाला. "डब्यात पाणी गेलंय. कुपनं पेटत नाहीत."

घोटाभर पाण्यात उभं राहून सगळं कार्यालय त्या डब्याकडे बघू लागलं. कोणी लायटर आणला, कोणी कोरडा कागद शोधू लागलं. मोठे साहेब टेबलावर चढून शांतता राखण्याचं आवाहन करत होते. फिटर हातात पाना घेऊन आदेशाची वाट बघत होता, आणि त्याच्यामागे मेनची चाकी हात लांबवला तर लागेल इतकी जवळ होती.

तेवढ्यात मागच्या दारातून बायको आली. पदर खोचलेला, आणि मागून कुबडीवर, एक पाय पुढे टाकत, सासूबाई. प्लास्टर पिठाच्या गोळ्यासारखं झालं होतं आणि पायावरून हळूहळू खाली उतरत होतं. बायकोने कोणाकडेही बघितलं नाही. तिने चाकी धरली.

"कुठल्या बाजूला?" तिने फिटरला विचारलं.

"उजवीकडे," फिटर खाली वाकून हळूच म्हणाला. "पण मी सांगितलं असं कुठे बोलू नका, ताई."

तिने चाकी फिरवली. पाणी थांबलं. मोठे साहेब टेबलावरून म्हणाले, "हे नियमबाह्य आहे," आणि उतरायला कोरडी जागा शोधू लागले.

सासूबाईंना त्याच दुपारी डॉक्टरांकडे नेलं. उरलंसुरलं प्लास्टर काढून त्यांनी पाय तपासला आणि तो केव्हाच बरा झाला आहे असं सांगितलं. "मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या, "पण बसल्या जागी चहा मिळत होता." बायको हसली. अधीक्षकही हसले, सुटलो म्हणून. बायको हसायची थांबली.

"पलंग हलवायला निघाला होतात," ती म्हणाली. "म्हणजे फुटणार हे तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही त्या फिटरला परत पाठवलंत."

यावरचं अधीक्षकांचं उत्तर खणात होतं.

चौकशी बैठक दुसऱ्या दिवशी बसली. मोठ्या साहेबांनी सर्वांना आपापले कागद आणायला सांगितले. माणसं खणांकडे धावली आणि तशीच परत आली, रिकाम्या हातांनी नव्हे, लगद्याने भरलेल्या हातांनी. सगळ्यांनीच कागद सर्वांत खालच्या खणात, कुलपात ठेवले होते, आणि पाणी सर्वांत आधी तिथेच गेलं होतं. अधीक्षकांचा तपशीलवार कागद आता त्यांच्या ओंजळीत मावत होता. तो पिळला तर निळं पाणी निघत होतं. पडद्यावर साखळी मात्र ठणठणीत होती. हजारो ठसे, प्रत्येकावर वेळ, एकातही फेरफार नाही. प्रत्येकाने आधी सांगितलं होतं हे निर्विवाद सिद्ध झालं होतं. काय सांगितलं होतं, एवढंच कोणाला सिद्ध करता येत नव्हतं.

"भांडारपालांची सूचना उघडी होती," कोणीतरी आठवण केली.

"ती वादग्रस्त आहे," अधीक्षक तत्परतेने म्हणाले. "स्थगित आहे."

तेव्हा सल्लागार उठले. ते बाहेरून आले असल्यामुळे त्यांचा कागद त्यांच्या घरी होता, कोरडा. त्यांनी तो यंत्राला दाखवला. पहिल्या पेटीतल्या पहिल्या ठशाशी तो तंतोतंत जुळला. मोठ्या साहेबांनी चष्मा लावून तो मोठ्याने वाचला. 'या योजनेमुळे कार्यालयातली सर्व दुरुस्ती थांबेल, आणि जे सर्वांत आधी फुटायचं असेल ते सर्वांसमोर फुटेल.'

भांडारपालांनी हातातला लगदा हळूच खिशात घातला.

"सर्वांत आधी नोंदलेली," मोठे साहेब गहिवरून म्हणाले, "आणि पूर्णपणे खरी. याला म्हणतात दूरदृष्टी!" आणि त्यांनी उपसंचालकांची खुर्ची सल्लागारांना दिली. सुधारित साखळी उभारण्याचं कामही त्यांनाच मिळालं. तीत मूळ शुल्क जाळायचं नाही, बुडवायचं आहे.

अधीक्षक घरी परतले तेव्हा त्यांचं अंथरूण आतल्या खोलीत, खिडकीखाली घातलेलं होतं. सासूबाई बाहेरच्या खोलीत दोन्ही पायांवर उभ्या राहून चहा करत होत्या. व्हॉल्व्हला नवं वॉशर बसलेलं नाही; चौकशी सुरू आहे. अधीक्षक पडल्या पडल्या टपटप ऐकतात आणि पुढच्या कागदातली वाक्यं मनात जुळवतात. या वेळी तो वरच्या खणात ठेवणार आहेत.

आता तुम्ही म्हणाल, व्हॉल्व्ह फुटणार हे आम्हाला केव्हाच कळलं होतं, अगदी सासूबाईंची खिडकी आली तेव्हाच. कळलं असणारच. त्या कार्यालयातही सगळ्यांना कळलं होतं. पण फिटरने पाना खिशातून काढून परत खिशात घातला, तेव्हा तुम्हालाही जरासं बरं वाटलंच ना? त्याने तेव्हाच वॉशर बदललं असतं, तर तुम्ही इथपर्यंत कशाला आला असतात?